हुंडा की माहेरचं? ‘द क्वाएट मॅन’ लोक अजून का बघतात

प्रश्न एका वाचक मुलीचा आहे. ती लिहिते: “माझ्या बाबांचा सगळ्यात आवडता इंग्रजी सिनेमा म्हणजे जॉन फोर्डचा ‘द क्वाएट मॅन’. परवा त्यांच्या आग्रहाखातर बसले बघायला. हिरव्या टेकड्या, गाणी, मिश्कील म्हातारे, सगळं छान चाललं होतं. मग नायक बायकोला स्टेशनापासून गावापर्यंत फरफटत आणतो आणि वाटेत एक बाई त्याच्या हातात काठी देते, तिला मारायला. मी उठून गेले. बाबा म्हणाले, तुला कळलाच नाही. सत्तर वर्षं झाली, अजून लोक या सिनेमावर जीव टाकतात ते कशासाठी?”

तू ज्या ठिकाणी उठलीस तिथे माझ्या वर्गातल्याही मुली खुर्चीत चुळबुळ करतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. मी अठ्ठावीस वर्षं चित्रपट रसग्रहणाची शिबिरं घेते, बहुतेक तालुक्याच्या गावांतल्या कॉलेजांत. मुलांना इंग्रजी, त्यातून आयरिश हेल असलेलं, कानाला पकडत नाही म्हणून काही सिनेमांची मराठी सबटायटल्स मी स्वतःच लिहून नेते. ‘द क्वाएट मॅन’ त्यातलाच एक. सबटायटल लिहायला बसलं की सिनेमा आतून दिसतो, कारण एकेका वाक्यापाशी थांबावं लागतं. मी सगळ्यात जास्त थांबले ती एका शब्दापाशी, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या शब्दातच सापडतं. म्हणून उत्तर जरा लांबेल.

गोष्ट थोडक्यात अशी. शॉन थॉर्नटन (जॉन वेन) लहानपणी आईबरोबर आयर्लंड सोडून अमेरिकेला गेलेला, पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांच्या धगीत वाढलेला. तो इनिसफ्री नावाच्या गावी परत येतो आणि जिथे जन्मला ती झोपडी टिलेन नावाच्या विधवेकडून विकत घेतो. त्या जमिनीवर शेजारच्या दांडगट विल डॅनहरचा (व्हिक्टर मॅकलॅग्लेन) डोळा होता, त्यामुळे पहिल्या दिवसापासून वैर. आणि नेमकं शॉनचं मन बसतं त्याच डॅनहरच्या बहिणीवर, मेरी केटवर (मॉरीन ओ’हारा). भावाच्या संमतीशिवाय लग्न नाही. गावातली चार टाळकी मिळून भावाला फसवतात आणि संमती काढतात. लग्नाच्या दिवशीच त्याला फसवणूक कळते आणि तो बहिणीचे ३५० पौंड अडकवून ठेवतो. ते पैसे मिळवल्याशिवाय मी तुझी बायको नाही, असं ती नवऱ्याला सांगते. नवरा म्हणतो, मला पैसे नकोत, तू हवीस. प्रेमकथेतली खरी अडचण लग्नानंतर सुरू होते, हे आधी ध्यानात घे. बाकीचे सिनेमे जिथे सनई वाजवून घरी जातात, तिथे याचा मध्यंतर होतो.

आता तो शब्द. मूळ इंग्रजीतल्या शब्दाला डिक्शनरी सरळ ‘हुंडा’ देते. पहिल्या वेळी मीही तेच लिहिलं. एका कॉलेजात सिनेमा लावला आणि अर्ध्यावर खोलीचा नूरच बदलला. हुंड्यासाठी अडून बसलेली मुलगी! मुलं फिदीफिदी हसायला लागली, मुली नाराज. एक जण उभा राहून म्हणाला, “मॅडम, नवरा नको म्हणतोय आणि ही माग म्हणतेय, हे उलटंच आहे.” त्याचं बरोबर होतं. चूक माझी होती. आपल्याकडे हुंडा म्हटला की तो सासरच्या घशात जाणार, मुलीच्या बापाला कर्जात बुडवणार, १९६१चा कायदा होऊनही चोरपावलांनी चालणार. तो शब्द इतका काळा झालाय की मेरी केटच्या तोंडी घातला की ती खलनायिकाच वाटते.

ती मागते काय ते नीट ऐक. आईचं आणि आजीचं सामान: टेबल, खुर्च्या, कपाट, पाळणा. आणि तिच्या नावचे ते पैसे. ती शॉनला सांगते की हे सगळं माझ्याभोवती आल्याशिवाय मी भावाच्या घरी होते तशीच मोलकरीण राहणार, मालकीचं काही नसलेली. त्या लाकडात तीनशे वर्षांची सुखाची स्वप्नं साठलीत, असंही म्हणते. हे ऐकताना मला रुखवत आठवतं. मांडवात मांडलेलं, ज्याच्याकडे पुरुष ढुंकून बघत नाहीत आणि बायका तासभर बघतात, ते. ‘स्त्रीधन’ हा शब्द अर्थाला जवळचा, पण तो वकिलाच्या तोंडचा वाटतो. शेतकऱ्याची तापट मुलगी रागाच्या भरात ‘माझं स्त्रीधन’ म्हणणार नाही. दोनतीन शिबिरं झाल्यावर मी लिहिलं: “माझं माहेरचं मला मिळालंच पाहिजे.” त्या दिवशी कुणी हसलं नाही. मागच्या रांगेतल्या एका मुलीनं नुसती मान हलवली.

यामागे आयर्लंडच्या खेड्यातली खरी व्यवस्था आहे. १८४५पासूनच्या मोठ्या दुष्काळानंतर तिथे शेतांचे तुकडे पाडणं थांबत गेलं. शेत एका मुलाला. बाकीच्यांनी बोट धरायची अमेरिकेची किंवा इंग्लंडची. लग्न म्हणजे दोन शेतांमधला व्यवहार, आणि तो ठरवायला मध्यस्थ. घरात लग्नाची बहीण असेपर्यंत भावाची बायको आत येणं कठीण, कारण एका चुलीला दोन मालकिणी कशा? त्यामुळे उशिरा लग्नं, नाहीतर जन्मभर एकटे राहिलेले पुरुष. सिनेमात डॅनहरला फसवतात ते याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवून: बहीण घरात आहे तोवर टिलेनबाई तुला होकार देणार नाहीत! थट्टा वाटते, पण तिच्याखाली समाजशास्त्राचं अख्खं प्रकरण आहे. अशा जगात मुलीचं स्वतःचं म्हणावं असं तिच्याबरोबर जाणारं तेवढंच. तेही भावानं दाबलं, तर ती नवऱ्याच्या घरात रिकाम्या हातानं आलेली, म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी मेहेरबानीवर.

आणि शॉन? त्याची बाजूही तितकीच खरी आहे, म्हणून तर सिनेमा टिकलाय. अमेरिकेत तो मुष्टियोद्धा होता. रिंगणात त्याच्या ठोशानं एक माणूस मेला. पैशासाठी मारलेला ठोसा. त्या दिवसापासून त्यानं हात न उचलण्याची शपथ घेतलीय. ३५० पौंडांसाठी मेव्हण्याशी लढ म्हणजे, त्याच्या कानाला, पुन्हा पैशासाठी मार. हे तो बायकोला सांगत नाही. गावात ते फक्त प्रोटेस्टंट पाद्री प्लेफेअरला माहीत असतं, कारण त्याला खेळांच्या बातम्यांचा नाद. मेरी केटला नवरा भित्रा वाटतो, शॉनला बायको पैशाची लोभी वाटते. दोघं चुकतात आणि दोघांचं बरोबर असतं. ‘अबोल माणूस’ हे नाव कौतुकाचं नाहीये. त्याचं न बोलणं हेच त्या घरातलं दुखणं आहे.

हे कळलं की सुरुवातीचे प्रसंग वेगळे दिसायला लागतात. दोघांची पहिली नजरानजर बघ. शॉन झाडाला टेकून सिगारेट पेटवतोय. समोर झाडांतून तिरकं ऊन उतरलंय आणि त्यात ती, अनवाणी, तांबडा घागरा, निळी चोळी, मेंढ्या हाकणारी. ती थबकते, वळून बघते, मागे सरते, पुन्हा बघते. संवाद नाही. मग शॉन विचारतो, ही खरी आहे का? आणि मायकेलीन (बॅरी फिट्झजेराल्ड), म्हणजे टांगेवाला, बुकी आणि लग्न जुळवणारा असा तिहेरी धंदा करणारा म्हातारा, म्हणतो की छे, तहानेनं डोळ्यांपुढे आलेलं मृगजळ आहे ते. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. फोर्ड पहिल्या पंधरावीस मिनिटांतच सांगून टाकतोय की शॉनला बाई दिसलेली नाही, आईनं सांगितलेल्या आयर्लंडचं चित्र दिसलंय. पुढचे दोन तास त्या चित्रातली बाई स्वतःचं कपाट आणि पाळणा मागत राहते.

रीतसर ‘भेटीगाठी’ सुरू होतात ते दृश्य आमच्याकडे हमखास वसूल होतं. तिकडच्या टांग्यात माणसं पाठीला पाठ लावून, तोंडं बाहेर करून बसतात. म्हणजे प्रेमिकांनी एकमेकांकडे बघायचंच नाही, आणि पुढे मायकेलीन लगाम धरून पहारा देणार. बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांची बशी हातात धरून जमिनीकडे बघत बसलेल्या कुठल्याही माणसाला हा टांगा समजावून सांगावा लागत नाही. मग ती दोघं जोडसायकल पळवतात आणि पोचतात पडक्या स्मशानात. वादळ येतं. तो कोट काढून तिच्या खांद्यावर टाकतो, त्याचा पांढरा सदरा भिजून अंगाला चिकटतो, आणि दोघं एकमेकांना धरून उभी राहतात. मिनिटभर शब्द नाही. वेनला लोक घोडा आणि बंदूक यांसाठी ओळखतात; त्याला एवढं हळवं दुसऱ्या कुणी क्वचितच टिपलं असेल.

झोपडीतलं पहिलं चुंबन त्याआधीचं. रात्री वारा सुटलेला, ती चोरून घर झाडायला, शेगडी पेटवायला आलेली. तो दारातून पळणाऱ्या तिला मनगट धरून मागे ओढतो, तिचा घागरा आणि केस वाऱ्यात उडतायत. पुढे १९८२मध्ये स्पीलबर्गच्या ‘ई.टी.’त तो परग्रहवासी टीव्हीवर हेच दृश्य बघत बसतो आणि तिकडे शाळेत तो मुलगा वर्गमैत्रिणीला तसंच ओढून चुंबन घेतो. ते बघून मुलं मला विचारतात, मॅडम, तो जुना सिनेमा कोणता? चुंबनानंतर ती त्याच्या तोंडावर हात उगारते. ओ’हारानं आत्मचरित्रात लिहिलंय की त्या दिवशी ती वेनवर आणि फोर्डवर खरोखर चिडलेली होती आणि तिनं पूर्ण ताकदीनं हात चालवला. वेननं तो अडवला आणि तिच्या मनगटाच्या हाडाला चीर गेली. पडद्यावर त्या हातातला राग खोटा वाटत नाही, तो या कारणानं.

आता माझा सगळ्यात लाडका प्रसंग. लग्नाच्या रात्री ती आतून कडी घालते. तो दार लाथेनं उघडतो, तिला पलंगावर टाकतो, पलंग मोडतो, आणि तो बाहेर येऊन आपल्या झोपायच्या पिशवीत, स्लीपिंग बॅगमध्ये, झोपतो. सकाळी मंडळी डॅनहरच्या घरून सामान घेऊन येतात (सामान मिळतं, पैसे नाहीत). मायकेलीनला मोडलेला पलंग दिसतो आणि त्याचा चेहरा असा होतो की जणू महाकाव्यातला पराक्रम बघितला. आपल्याला माहीत असतं की रात्री काहीच घडलेलं नाही. हॉलिवूडवर तेव्हा नैतिकतेच्या नियमावलीची कडक नजर होती. फोर्डनं न घडलेल्या गोष्टीवर एवढं हसवलं की नियमावलीला बोट ठेवायला जागा उरली नाही.

पुढे मेरी केट फादर लोनर्गनकडे (वॉर्ड बाँड) कबुलीजबाब द्यायला जाते. फादर नदीत गळ टाकून उभे. तिला इंग्रजीत सांगायची लाज वाटते. ती विचारते, आयरिशमध्ये सांगू का? आणि आपल्या भाषेत पुटपुटते की नवऱ्याला मी पलंगावर झोपू दिलं नाही, पिशवीत झोपवलं. मुळात या आयरिश वाक्यांना सबटायटल नव्हतं. फादर ओरडतात तेव्हा प्रेक्षकाला उलगडा होतो: आयर्लंड गरीब असेल, पण इथे लग्न झालेला पुरुष पलंगावर झोपतो, पिशवीत नाही! तेवढ्यात गळाला मासा लागतो, आणि सल्ला, पाप, संसार सगळं पाण्यात जातं. मीही तिथे मराठी ओळ टाकली नाही. जिची जीभ घराबाहेर इंग्रजीत अडखळते आणि खाजगीतलं फक्त आपल्या बोलीत बोलता येतं, अशी मुलगी माझ्या प्रत्येक वर्गात असते. तिला अर्थ पोचतो.

आता तुझ्या काठीकडे येते.

मेरी केट गाडीत बसून डब्लिनला निघालेली असते. शॉन तिला डब्यातून ओढून काढतो आणि पाच मैल चालवत, ढकलत, फरफटत आणतो. मागे अख्खं गाव. तुझे बाबा म्हणतील की ही लुटुपुटूची मारामारी आहे, तीही लाथा घालते, बुक्के मारते. ती गेली तीच मुळी त्यानं काहीतरी करावं म्हणून. गोष्टीच्या हिशेबात हे खरं आहे. ती पळून गेलेली नाही, तिनं डाव टाकलाय. तिला हवं होतं की हे भांडण बंद दाराआड न राहता चव्हाट्यावर यावं, भावाच्या दारात जावं. पण म्हणून त्या म्हातारीची काठी गोड होत नाही. त्यावर १९५२चं थिएटर हसलं असेल. माझं हसू कधीच निघालेलं नाही आणि मी मुलांना हसायला सांगत नाही. शिवाय पडद्यामागची गोष्ट आणखी वाईट आहे. त्या कुरणात मेंढ्यांच्या लेंड्या पडलेल्या होत्या. फोर्डनं आणि वेननं त्यात गंमत म्हणून आणखी भर घातली, ओ’हाराला त्यातून ओढलं, आणि नंतर तिला पाणी, टॉवेल काही द्यायचं नाही अशी ताकीद होती. हेही तिनंच लिहून ठेवलंय, बऱ्यापैकी हसत. मला नाही हसता येत. तिथे मेरी केटचा डाव वगैरे काही नव्हता, नटीला दिलेला त्रास होता.

तरी तू दहा मिनिटं आधी उठलीस याची हळहळ वाटते, कारण त्या चालण्याच्या शेवटी काय होतं ते तू बघितलं नाहीस. शॉन तिला भावापुढे उभी करतो आणि म्हणतो, पैसे नाहीत तर लग्न नाही, ही तुमची रीत आहे, माझी नाही. घे तुझी बहीण परत. सगळ्या गावादेखत लाज गेल्यावर डॅनहर नोटा फेकतो. शेजारी मळणीयंत्र चालू आहे, वाफेवरचं. शॉन नोटा उचलतो आणि त्या यंत्राच्या भट्टीकडे जातो, आणि भट्टीचं झाकण मेरी केट उघडून धरते. तिला काही सांगावं लागत नाही. नोटा आत जातात, ती झाकण लावते आणि ताठ मानेनं म्हणते की मी घरी जाते, तुझं जेवण तयार ठेवते. पुरुष बाजूला होऊन तिला वाट देतात.

हे दोनचार सेकंदांचं झाकण उघडणं म्हणजे अख्खा सिनेमा. पैसे हवे होते ते खर्चायला नव्हते हे शॉनला तेव्हा कळतं, आणि ती लोभी नव्हती हे गावाला. आणि बघ, तो पिट्सबर्गच्या भट्टीतून पळून आला होता. त्याचं भांडण मिटतं तेही भट्टीच्याच तोंडाशी. फोर्डनं ते मुद्दाम केलं की नाही हा वाद मी घालत नाही. पटकथा लिहिणारा फ्रँक न्यूजंट आधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये चित्रपट समीक्षक होता, त्याच्या नजरेतून असं निसटत नसे एवढं म्हणेन.

मग ती सुप्रसिद्ध मारामारी. शेतातून, ओढ्यातून, दारूच्या गुत्त्यातून, मध्ये विश्रांती घेऊन पुन्हा. खरं सांगू? मला ती लांबते. पण तिच्यात दोन गोष्टी आहेत. मॅकलॅग्लेन साठी ओलांडलेला होता आणि तरुणपणी खरा मुष्टियोद्धा होता. १९०९मध्ये तो जगज्जेत्या जॅक जॉन्सनशी सहा फेऱ्या खेळला होता. त्याच्या ठोशांचं वजन अभिनयाचं नाही. दुसरी, मरायला टेकलेला डॅन टोबिन: उशाशी पाद्री बसलेला, आणि बाहेर मारामारीचा गलका ऐकून म्हातारा अंथरुणातून उठतो, कपडे चढवतो आणि धावत सुटतो. हा फ्रान्सिस फोर्ड, दिग्दर्शकाचा थोरला भाऊ, ज्याचं बोट धरून जॉन हॉलिवूडमध्ये आला. पुढच्याच वर्षी, १९५३मध्ये, तो गेला. मुलं हसतात, मला तिथे गिळायला त्रास होतो.

घरचीच माणसं सगळीकडे दिसतील. मायकेलीन आणि प्लेफेअर पाद्री हे खरे भाऊ. ओ’हाराचे दोन भाऊ आहेत, वेनची चार मुलं घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगात आहेत. फोर्डचे वडील आयर्लंडच्या गॉलवेतल्या स्पिडल भागातले. त्यानं मॉरिस वॉल्शच्या १९३३च्या कथेचे हक्क १९३६मध्ये अवघ्या १० डॉलरना घेतले आणि पुढे पंधरा वर्षं पैसे लावणारा शोधत हिंडला. शेवटी रिपब्लिक ही स्वस्त घोडेपटांची, म्हणजे वेस्टर्न सिनेमांची, कंपनी तयार झाली, तीही अटीवर: नुकसान भरून निघावं म्हणून आधी याच नटांचा एक घोडेपट करून दे. तो ‘रिओ ग्रँड’, १९५०. मग १९५१च्या उन्हाळ्यात सगळे मेयो परगण्यातल्या काँग गावी गेले. कंपनीचा मालक येट्स रशेस, म्हणजे रोजचं कच्चं चित्रीकरण, बघून तक्रार करत होता की सगळं हिरवंच काय दिसतंय, असा किस्सा सांगतात. त्याच हिरव्याला, म्हणजे विंटन हॉक आणि आर्ची स्टाउटच्या छायालेखनाला, ऑस्कर मिळालं, आणि फोर्डला दिग्दर्शनाचं चौथं. एवढी दिग्दर्शनाची ऑस्कर दुसऱ्या कुणाला मिळालेली नाहीत.

ते हिरवं मात्र नीट बघ. बाहेरचं लांबवरचं दृश्य आयर्लंडचं, आणि जवळून चेहरे दाखवताना पुष्कळदा हॉलिवूडच्या स्टुडिओतलं, मागे पडद्यावर समुद्र सरकतोय. शर्यतीत तर जोड उघड दिसतो. माझे विद्यार्थी हसतात, “मॅडम, हे खोटंय!” मी म्हणते, हो, आणि मायकेलीननं आधीच सांगितलंय, मृगजळ म्हणून. १९५०च्या दशकात आयर्लंडमधून लाखो तरुण नोकरीसाठी देश सोडत होते. इनिसफ्रीत कुणी बेकार नाही, कुणी बोटीवर चढत नाही. खुद्द आयर्लंडमध्ये अनेकांना हा सिनेमा म्हणूनच झोंबला: दारुडे, भांडकुदळ, मिठ्ठास आयरिश, अमेरिकनांना हवे तसे. तक्रार रास्त आहे. पण हे स्वप्न घरी राहिलेल्यांचं नाही, निघून गेलेल्यांचं आहे. रत्नागिरीकडच्या एका शिबिरात एक मुलगा शॉनला बघून म्हणाला, “हा तर गणपतीला आलेला चाकरमानी, घर रंगवायला निघालाय.” आणि गाव त्याच्याकडे बघतंय तेही बरोबर चाकरमान्याकडे बघावं तसंच: जरा कौतुक, जरा हसू, आणि याच्याकडून काय निघेल याचा अंदाज. संगीतही परत येणाऱ्याचंच. व्हिक्टर यंगनं जी धून सिनेमाभर फिरवली ती डब्लिनच्या रिचर्ड फॅरेली नावाच्या पोलिसानं रचलेल्या, घर सोडून गेलेल्या माणसाच्या गाण्याची आहे.

काँगला आज चौकात शॉन-मेरी केटचा पुतळा आहे. सिनेमात जे दारूचं दुकान म्हणून दाखवलं ते तेव्हा किराणा दुकान होतं, आता खरंच पब झालंय. मात्र झोपडी, जिच्यासाठी एवढं सगळं झालं, ती माम नावाच्या गावाजवळ पडून आहे, नुसते दगड.

बाबांबरोबर पुन्हा बसशील तर उरलेला भाग बघ आणि अगदी शेवटपर्यंत थांब. नाटकाच्या अखेरीस नट येतात तशी सगळी पात्रं येऊन हात हलवतात, आणि मग शॉन आणि मेरी केट झोपडीपुढे उभी. ती त्याच्या कानात काहीतरी बोलते. तो दचकून तिच्याकडे बघतो. तो दचका खरा आहे, कारण ते वाक्य फोर्डनं ओ’हाराला गुपचूप दिलं होतं. ती आधी नको म्हणाली, मग अट घालून बोलली: आपल्या तिघांपलीकडे हे कधी जाणार नाही. फोर्ड १९७३ला गेला, वेन १९७९ला, ती २०१५ला, पंच्याण्णवाव्या वर्षी. कुणी सांगितलं नाही. बोलून झाल्यावर ती त्याच्या हातातली काठी हिसकावून भिरकावून देते आणि दोघं घराकडे पळत सुटतात.

सबटायटलच्या फायलीत त्या जागी मी तीन टिंबं ठेवलीत. प्रत्येक शिबिरात अंधारातून कुणीतरी विचारतंच, “मॅडम, काय म्हणाली ती?”